आधी सूत, मग पासंग

घरी बांधलेल्या जायरोप्लेनच्या रोटरमध्ये काही बिनसले असेल, तर ते सर्वांत आधी वैमानिकाच्या मुठीला कळते. हातातली स्टिक जागच्या जागी लहानसे वर्तुळ काढू लागते. कधी रुपयाच्या नाण्याएवढे, कधी आमटीच्या वाटीएवढे. समोरची धावपट्टी नीट दिसत असते, इंजिन बिनतक्रार चालू असते, पण मूठ ताक घुसळल्यासारखी हलत राहते. अर्ध्या तासाने मनगट दुखते, मग खांदा. पुष्कळ बांधणारे ‘रोटर जरासा हलतोच’ असे म्हणत वर्षानुवर्षे तसेच उडत राहतात. खरे तर ही थरथर बहुतेक वेळा काढता येते. मात्र ती क्रमाने काढावी लागते. क्रम चुकला की एक दोष दुसऱ्याच्या आड जाऊन बसतो.

हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवते, जायरोप्लेनचा रोटर वारा फिरवतो. इंजिन पाठीमागच्या पंख्याने यान पुढे ढकलते. वरचा रोटर किंचित मागे कललेला असतो आणि खालून वर शिरणारी हवा त्याची पाती फिरती ठेवते. उड्डाणात इंजिन आणि रोटर यांच्यात कुठलाही दांडा किंवा गिअरबॉक्स नसतो. रोटर एका बेअरिंगवर मोकळा फिरतो आणि स्टिक त्याच्या डोक्याला जवळजवळ थेट जोडलेली असते. त्यामुळे यंत्र सोपे झाले, स्वस्त झाले, घराच्या मागच्या पडवीत बांधण्याजोगे झाले. पण रोटरची प्रत्येक खोडही सरळ हातात येऊ लागली.

स्पेनच्या ख्वान दे ला सिएर्वा याने १९२३ मध्ये असे यान पहिल्यांदा यशस्वीपणे उडवले. त्याआधीचे त्याचे प्रयोग एका बाजूला कलंडत, कारण पुढे जाणाऱ्या पात्याला मागे येणाऱ्या पात्यापेक्षा जास्त वारा मिळे आणि जास्त उचल मिळे. पाते मुळाशी बिजागरीवर वरखाली हलू दिले, तेव्हा ते कलंडणे थांबले. पुढे १९२७ मध्ये एका यानाचे पाते मुळाशी तुटले, आणि पात्याला मागेपुढे हलू देणारी दुसरी बिजागरीही आली. सिएर्वा स्वतः १९३६ मध्ये क्रॉयडनजवळच्या अपघातात गेला. तो जायरोप्लेनमध्ये नव्हता, साध्या प्रवासी विमानात होता. घरी बांधणाऱ्यांचे जायरोप्लेन मात्र त्याच्यापेक्षा इगोर बेन्सनचे ऋणी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात बेन्सनने बिजागऱ्यांचे सारे जंजाळ काढून टाकले आणि दोन पाती एका पट्टीला जोडून ती पट्टी मधोमध एकाच आडव्या बोल्टवर ठेवली. बागेतला सी-सॉ असतो तशी. एक पाते वर गेले की दुसरे खाली. या एका बोल्टामुळे हजारो माणसांना रोटर बांधता आला, आणि त्याच बोल्टाभोवती थरथरीचा सगळा संसार फिरतो.

हिशेबासाठी एक-आसनी यानाचा साधारण रोटर धरावा: व्यास ७ मीटर, प्रत्येक पाते १३ किलोचे, मधला हब धरून एकूण वजन ३० किलो, वेग मिनिटाला ३६० फेरे, म्हणजे सेकंदाला ६. पात्याचे टोक ताशी सुमारे ४७५ किलोमीटर वेगाने हवा कापते. फिरताना प्रत्येक पाते हबला ३ टनांहून अधिक जोराने बाहेर ओढते. दोन्ही बाजूंची ओढ सारखी आहे तोवर ती एकमेकींना खाऊन टाकते आणि रोटर तोलणाऱ्या खांबाला, म्हणजे मास्टला, काही कळत नाही. एका टोकाला १ ग्रॅम जास्त झाला, तर सुमारे अर्ध्या किलोची ओढ शिल्लक राहते आणि ती सेकंदाला सहा वेळा गोल फिरते. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढे एका टोकाला चिकटवले, तर मास्ट जवळजवळ ४ किलोच्या जोराने चहूबाजूंना ओढला जातो.

फिरत्या वस्तूचा असा तोल साधण्याचे काम ठाण्याच्या कारखान्यांना नवे नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. ठाण्यातच कोलशेत रस्त्यावर सँडोझचा, पुढे क्लॅरियंटचा, रंगरसायनांचा मोठा कारखाना होता. रसायनांच्या कारखान्यात ब्लोअर, सेंट्रिफ्यूज आणि पंप यांचा गोतावळा असतो. इम्पेलर झिजतो, त्यावर पुटे चढतात, पाया हादरू लागतो, आणि मग बॅलन्सिंग करणाऱ्याला बोलावणे जाते. अशा कित्येक कारखान्यांच्या जमिनींवर आता उंच निवासी मनोरे आहेत. तरी मशीनच्या अंगावर हात ठेवून दोष सांगणारे जुने फिटर ठाण्यात अजून आहेत. अशा हाताला जायरोप्लेनचा रोटर दिला, तर त्याच्या निम्म्या सवयी कामाला येतात आणि निम्म्या आडव्या येतात.

कामाला येणारी पहिली सवय म्हणजे खडूची खूण. ब्लोअरवाला काहीही उघडण्याआधी कोण कुठे बसले होते याची खूण करतो. दुसरी, एका वेळी एकच बदल. तिसरी, वहीत नोंद. आडवी येणारी सवय एकच, पण ती खोल मुरलेली असते: हादरा दिसला की वजन लावायचे. ब्लोअरचा इम्पेलर दोन बेअरिंगांच्या मध्ये पक्का धरलेला असतो. त्याचा अक्ष ठरलेला, आकार ठरलेला. तिथे उरतो तो बहुधा वजनाचाच फरक. जायरोप्लेनच्या रोटरमध्ये पाती बोल्टांनी हबला जोडलेली असतात, हब बोल्टावर डुलत असतो, आणि पाती स्वतः वाऱ्यावर उचलली जात असतात. तिथे वजनाचा फरक हा चार-पाच संशयितांपैकी एक.

शिवाय ब्लोअरवाल्याचा अंदाजही सुरुवातीला चुकतो. औद्योगिक पंख्यांच्या तोलासाठी ‘जी ६.३’ ही आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात. मिनिटाला १,४५० फेरे घेणाऱ्या ३० किलोच्या इम्पेलरला ती श्रेणी लावली, तर ३० सेंटिमीटर अंतरावर सुमारे ४ ग्रॅमचा फरक चालतो. तीच श्रेणी या रोटरला लावून पाहिली, तर टोकावर दीड ग्रॅमही चालत नाही. हळू फिरणाऱ्याला चूक जास्त माफ असते हे कारखान्यातले ज्ञान खोटे नाही. फक्त वेगाने दिलेली सवलत साडेतीन मीटरच्या लांबीने परत काढून घेतली.

पाना हातात घेण्याआधी थरथरीचा ठेका मोजावा. फेऱ्याला एकदा येणारा हादरा सेकंदाला ६ असतो. तो हाताला जवळजवळ मोजता येतो आणि स्टिक गोल फिरवतो. फेऱ्याला दोनदा येणारा सेकंदाला १२. तो मोजता येत नाही, बैठकीत आणि पायांत गुणगुणल्यासारखा भरतो, आणि स्टिक मागेपुढे मान डोलावते. पंख्याचा आणि इंजिनाचा ठेका याहून कितीतरी वेगवान असतो. रोटॅक्स ९१२ इंजिन ५,५०० फेऱ्यांवर असेल, तर २.४३ च्या गिअरमुळे पंखा मिनिटाला सुमारे २,२६० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३७-३८. तो हादरा हाताला वेगळा कळत नाही. आरसा धूसर होतो, डायलचा काटा जाड दिसतो. आजकाल साध्या मोबाइलमधला कंपमापकही ६ आणि १२ यांतला फरक दाखवतो. तो मास्टला घट्ट बांधला म्हणजे झाले. त्याहून जुनी आणि खात्रीची परीक्षा म्हणजे पुरेशा उंचीवर इंजिन मंद करणे. यान खाली उतरू लागते, पण रोटर तसाच फिरत राहतो. थरथर तशीच राहिली, तर दोष वर आहे. गेली, तर पाठीमागे.

दोष वर आहे असे ठरले की पहिले काम दोरीचे. दोन्ही पाती जोडून रोटर सपाट ठेवावा, प्रत्येक टोकावर पुढच्या कडेपासून सारख्या अंतरावर बारीक खूण करावी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक, न ताणणारी दोरी घट्ट बांधावी. दोरी हबच्या बरोबर मध्यावरून गेली पाहिजे. बोल्टांच्या भोकांत केसाएवढी जागा असते. तेवढ्यात पाते पुढेमागे होते आणि साडेतीन मीटरवर त्याचा मोठा फरक होतो. गवंडी-सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सव्वातीन मिलिमीटरांना किंचित कमी. एक पाते टोकाशी एक सूत पुढे गेले, तर त्या पात्याचा गुरुत्वमध्य अर्धे सूत पुढे जातो, आणि फिरताना सुमारे ३ किलोची ओढ तयार होते. हबवर मात्र दोरी जेमतेम अर्धे सूत सरकलेली दिसते. त्या दीड मिलिमीटरकडे दुर्लक्ष करून टोकाला शिसे लावत बसणारे पुष्कळ भेटतात. एवढे शिसे लावूनही थरथर जात नाही, कारण ओढ पात्याच्या लांबीच्या दिशेची नसून रुंदीच्या दिशेची आहे. काटकोनातल्या दोषाला वजन कितीही लावले तरी ते पुरे पडणार नाही.

दोरी बरोबर आली की बोल्ट ठरलेल्या जोराने टॉर्क रेंचने आवळावेत आणि दोरी पुन्हा पाहावी. आवळताना पाते सरकते. ही दुसरी पाहणी टाळणारा माणूस दोन दिवसांनी पहिल्यापासून सुरुवात करतो, हे कुठल्याही कार्यशाळेत पाहायला मिळते.

त्यानंतर पात्यांचे कोन. दोन्ही पात्यांना हबपाशी सारखाच कोन हवा. डिजिटल लेव्हलने अंशाच्या दहाव्या भागापर्यंत पाहावे, आणि मुळाशी पाहिले तसे मध्यावर व टोकावरही पाहावे, कारण पाते स्वतः पीळ पडलेले असू शकते. एकाच बॅचची, एकाच जोडीची पाती वापरण्याचा आग्रह इथूनच येतो. दोन वेगळ्या जोड्यांतली चांगली पाती एकत्र आली की संसार जमत नाही.

मग तागडी. रोटर त्याच्याच बोल्टावर टांगायचा आणि तो कुठे झुकतो ते पाहायचे. हे काम सोपे वाटते म्हणून घाईत केले जाते. खोली ८ मीटरांहून लांब हवी, दारे-खिडक्या बंद हव्यात, पंखा बंद हवा. कोलशेतला दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो. गाळ्याचे शटर खाली ओढले तरी फटींतून येतो आणि ७ मीटरचा रोटर त्याला लगेच दाद देतो. म्हणून हे काम पहाटे करावे. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाळ्यात पंख्याविना तासभर बसायचे असेल तर दुसरी वेळही नाही. बेअरिंग जुने असेल, तर ते अडखळते आणि खोटे उत्तर देते. त्याऐवजी धारदार कडेवर टांगलेले बरे.

या तागडीची नजर किती तीक्ष्ण असते, याचाही हिशेब मांडता येतो. स्थिर रोटरचा गुरुत्वमध्य बोल्टाच्या काही सेंटिमीटर खाली असतो. का, ते पुढे येईल. त्यामुळे टोकावर १ ग्रॅम ठेवला, तर ते टोक चार-पाच मिलिमीटर खाली येते. सूत-दीड सूत! जमिनीपासून दोन्ही टोकांची उंची मोजली की फरक दिसतो. जमीन सपाट असल्याची खात्री नसेल, आणि कुठल्याच गाळ्याची नसते, तर रोटर अर्धा फेरा फिरवून त्याच जागी पुन्हा मोजावे. हलक्या टोकावर आधी चिकटपट्टी लावून पाहावी, मग ती पट्टी काढून सराफी काट्यावर तोलावी आणि तेवढ्याच वजनाचा पासंग टोकाच्या टोपणात स्क्रूने पक्का करावा. चिकटपट्टीवरच काम भागवणे चुकीचे आहे. ती पावसात सुटते, आणि सुटते ती नेमकी हवेत.

इथवर रोटर एकदाही फिरलेला नाही. नीट केलेल्या या तीन कामांनी थरथरीचा मोठा भाग जातो. पुढचे काम फिरत्या रोटरवरच होते.

फिरताना दोन्ही पात्यांची टोके एकाच वाटेने गेली पाहिजेत. एक वरून, दुसरे खालून जात असेल, तर त्याला ट्रॅक चुकला म्हणतात. पूर्वी टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू फासून, खांबाला बांधलेली कापडाची पट्टी फिरत्या टोकांजवळ नेत असत. दोन रंगांच्या दोन रेघा उमटल्या की फरक कळे. या पद्धतीने पट्टी धरणाऱ्याचे हात कसे टिकले, हे एक नवलच. आता टोकांवर वेगळ्या रंगांचे चौकोन रंगवून मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करतात, किंवा रोटरच्या फेऱ्यांशी जुळवलेला लुकलुकता दिवा वापरतात. फरक एका सुताच्या आत आला तर उत्तम. सुधारणा कोनाची: हबमध्ये सोय असेल तर तिथे, नसेल तर पात्याच्या मागच्या कडेला बसवलेली लहान पट्टी किंचित वाकवून. ‘किंचित’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. पट्टी एकदा जास्त वाकवली की ती सरळ करताना कमकुवत होते.

ट्रॅक चुकला असताना वजनाने थरथर कमी करता येते, आणि हाच या कामातला सर्वांत मोठा सापळा आहे. वजनाच्या फरकाची ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. पात्यांच्या कोनातल्या फरकाचा जोर मात्र वाऱ्यावर, भारावर आणि यानाच्या वेगावर अवलंबून असतो. एकाने दुसऱ्याला झाकले, तर ते ठरावीक वेगापुरते झाकले जाते. ताशी ८० किलोमीटरला लोण्यासारखा चालणारा रोटर १२० ला पुन्हा घुसळू लागतो, दोन-आसनी यानात मागच्या आसनावर माणूस बसला की तिसरेच काही करतो, आणि बांधणारा रोज वेगळे वजन लावत राहतो. वेग बदलला की थरथरीचा स्वभाव बदलत असेल, तर पासंग काढून टाकून कोनाकडे परत जावे.

ट्रॅक साधल्यावर उरलेली थरथर यंत्राने मोजता येते. मास्टच्या डोक्याला कंपमापक, पात्याच्या मुळाशी चकाकणारी पट्टी आणि ती मोजणारा प्रकाशाचा डोळा. यातून हादरा किती, आणि तो कुठल्या बाजूला, ही दोन्ही उत्तरे मिळतात. एक ज्ञात वजन लावून पुन्हा फिरवले की किती वजन आणि कुठे, हे कागदावर काढता येते. ब्लोअरवाल्याला ही रीत पाठ असते. फक्त त्याला इम्पेलरच्या चारही बाजूंना वजन लावता येते. इथे दोनच बाजू आहेत. लांबीच्या दिशेचा दोष टोकांच्या वजनाने जातो. रुंदीच्या दिशेचा दोष अख्खा रोटर बोल्टावर या किंवा त्या बाजूला सरकवून काढावा लागतो, आणि त्यासाठी बोल्टाच्या दोन्ही बाजूंना पातळ चकत्या, म्हणजे शिम, असतात. रोटर १ मिलिमीटर सरकला, तर ४ किलोंहून थोडी जास्त ओढ बदलते. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाची एक शिम टोकावरच्या जवळजवळ एका ग्रॅमच्या तोडीची. एका बाजूची शिम काढली की ती दुसऱ्या बाजूला घालायची. बोल्टावर एकूण जाडी तीच राहिली पाहिजे. काढलेली शिम खिशात राहून गेली, तर हब बोल्टावर खुळखुळू लागतो.

आता सेकंदाला १२ वेळा येणारा हादरा. हा दोष नव्हे, दोन पात्यांच्या रोटरचा स्वभावच आहे. दोन्ही पाती यानाला आडवी असतात, तेव्हा एक वाऱ्याला तोंड देऊन धावते आणि दुसरे वाऱ्याबरोबर. पाती लांबीत येतात, तेव्हा दोन्हींची स्थिती सारखी होते. हवेचा अडसर त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. तीन-चार पात्यांत हा चढउतार बराच वाटला जातो, दोनांत तो सगळा मास्टवर येतो. यावर वजन, शिम, दोरी, काही चालत नाही.

या हादऱ्याचा एक भाग मात्र बांधणाऱ्याच्या हातात असतो. उड्डाणात पाती सरळ राहत नाहीत. उचलीमुळे ती छत्री उलटावी तशी वर वाकतात, साधारण दोन-तीन अंश. अडीच अंश धरले, तर पात्याच्या मध्यावरचा गुरुत्वमध्य सुमारे साडेसात सेंटिमीटर वर उचलला जातो. डुलण्याचा बोल्ट हबच्या पातळीतच असेल, तर हे वजन बोल्टाच्या वर झोके घेऊ लागते आणि प्रत्येक डुलण्याबरोबर रोटरचा गुरुत्वमध्य मागेपुढे सरकतो. म्हणून हब बोल्टाच्या खाली लोंबता ठेवतात. पाती वाकली की सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य बरोबर बोल्टाच्या उंचीला येतो, आणि डुलताना तो जागचा हलत नाही. तागडीवर टांगलेल्या रोटरचे वजन बोल्टाखाली असते ते यामुळेच. ही उंची पात्यांच्या वजनावर आणि यानाच्या भारावर ठरते. दुसऱ्याच्या यानाचा हब उचलून आपल्या पात्यांना लावला, किंवा एका माणसासाठी काढलेल्या मापावर दोन माणसे बसवली, तर बारा ठोक्यांचा हादरा वाढणारच. उंची बदलता येईल असे ठोकळे हबमध्ये ठेवणारे बांधणारे शहाणे.

उरलेला भाग सोसायचा किंवा गाळायचा. युरोपातल्या तयार यानांत मास्टच्या बुडाशी किंवा मध्ये रबराचे जोड असतात. मास्ट किंचित डुलतो आणि हादरा बैठकीपर्यंत पोचत नाही. काही बांधणारे रोटरचे डोके थोडे सरकू देणारी रचना करतात. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण ते शेवटी करायचे. दोरी न धरता रबर घालणे म्हणजे दुखणे अंगात ठेवून वेदनाशामक गोळी घेणे. शिवाय रबर फार मऊ झाले आणि मास्टचा स्वतःचा झोका सेकंदाला सहाच्या जवळ आला, तर जी ओढ आधी हातापुरती होती ती अख्खे यान डोलवू लागते.

एक गोष्ट या सगळ्या क्रमाच्या बाहेरची आहे. शंभर तास गुळगुळीत चाललेल्या रोटरला एका सकाळी अचानक थरथर सुटली, तर ती बॅलन्सिंगची बाब नव्हे. पात्यात चीर आहे, चिकटवलेला पत्रा सुटतो आहे, बोल्ट सैल झाला आहे किंवा पात्याच्या पोकळीत पाणी शिरले आहे, असे धरूनच यान जमिनीवर ठेवावे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत ॲल्युमिनियमच्या जोडांत पांढरी भुकटी धरते आणि लाकडी पाते पाणी पिते. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या रोटरची तागडी आश्विनात पुन्हा पाहावी. टोकाचे पाणी निघून जायचे बारीक भोक कुंभारमाशीने मातीने बुजवल्याने एका पात्यात पाणी साठू शकते; एक चमचा पाणी म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे अडीच किलोची ओढ.

फिरता रोटर जमिनीवर तपासताना त्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते आणि प्रत्येक अंगणात मोडले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका २४ वर्षांच्या कारागिराने स्वतः बांधलेले एक-आसनी हेलिकॉप्टर चाचणीसाठी जमिनीवरच चालू केले. शेपटीच्या रोटरचे पाते तुटले, ते मुख्य रोटरवर आदळले आणि मुख्य रोटरचे पाते त्याच्या डोक्याला लागले. त्यात तो गेला. यान जमिनीवरून उठलेही नव्हते. त्याची जिद्द सर्वांनी वाखाणली. त्या चाचणीच्या वेळी शेजारी दुसरा जाणता डोळा आणि मध्ये वाळूच्या पोत्यांची भिंत हवी होती, हे कमी जणांनी म्हटले. जायरोप्लेनची पाती वाऱ्यावर फिरतात म्हणून ती निरुपद्रवी नाहीत. टनांची ओढ त्यांतही असतेच.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचे दुसरे नाव कॅप्टन अमोल यादव यांचे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. ते स्थिर पंखांचे विमान आहे, रोटरचे नव्हे. पण नोंदणीसाठी लागलेली वर्षे पाहता, घरी बांधणाऱ्याने रोटरइतकेच कागदांचेही बॅलन्सिंग शिकावे.

जागेचाही प्रश्न असतो. कोलशेतमध्ये हवाई दलाचे ठाणे आहे आणि वरचे आकाश मुंबई विमानतळाच्या वाहतुकीचे. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी आहे, पण तिची जमीन संरक्षण खात्याकडे आहे आणि २०१७ च्या शेतकरी आंदोलनापासून तिचा वाद सर्वांना ठाऊक आहे. दोरी, कोन आणि तागडी ही तीन कामे कोलशेतच्या गाळ्यात पुरी होतात. रोटर फिरवण्याचे काम परवानगी असलेल्या दूरच्या धावपट्टीवरच होते. तिथे नेण्यासाठी पाती हबपासून सोडवावी लागतात. सोडवण्याआधी पात्यांवर १ आणि २ लिहावे, हबच्या दोन बाजूंवरही तेच आकडे घालावेत, प्रत्येक बोल्ट, वॉशर आणि शिम वेगळ्या पुडीत बांधून पुडीवर जागा लिहावी. हे आकडे वाटेत पुसले गेले, तर दोरी पुन्हा पहिल्यापासून धरावी लागते.